सिगिरिया-दांबुल्लाला जायच्या आदल्या रात्री

सगळ्यात आधी पायांचं बघा. सकाळी श्रीलंकेतल्या सिगिरियाच्या, म्हणजे कड्यावरच्या प्राचीन किल्ल्याच्या, बाराशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या आणि नंतर दांबुल्लाच्या बौद्ध गुहामंदिरात बूट काढून तापलेल्या फरशीवर अनवाणी चालायचं, असा हा दिवस असतो. त्यामुळे बूट चांगल्या पकडीचे, पण पटकन काढता येतील असे हवेत. शिवाय जाड सुती मोज्यांचा एक जोड बॅगेत वेगळा ठेवा, दांबुल्लाच्या अंगणात मोजे चालतात. आमच्या सासूबाईंनी मोजे नेले नव्हते. भर दुपारी त्या पहिल्या लेण्याच्या सावलीतून पुढे पाऊल टाकेनात. शेवटी मी माझे मोजे काढून त्यांना दिले, तेव्हा कुठे बाकीची लेणी बघून झाली.

कपडे सकाळपासूनच खांदे आणि गुडघे झाकणारे घाला, म्हणजे मध्ये कुठे बदलायची धावपळ नको. टोपी हवीच, पण देवळात ती काढावी लागते. मुलांना एक गोष्ट आधीच समजावून सांगा: बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. श्रीलंकेत हा अपमान समजला जातो आणि तो खरोखरच मनाला लागतो. अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर ते झाका.

आता क्रम. काही गाईड आधी दांबुल्ला दाखवतात. त्यांना स्पष्ट सांगा, आधी सिगिरिया, तेही दार उघडता उघडता. दोन्ही ठिकाणांत साधारण वीस किलोमीटरचं अंतर आहे, त्यामुळे क्रम बदलल्याने कुणाचं काही बिघडत नाही. उन्हं चढली की सिंहाच्या पंजांच्या भल्यामोठ्या शिल्पापासून वर जाणारा लोखंडी जिना तापतो आणि माथ्यावर सावली फारशी नाही. कोलंबोहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण जायला चार तास आणि यायला चार तास. बरोबर वयस्कर माणसं असतील तर मी तरी हे करणार नाही. आदल्या रात्री जवळपास मुक्काम करा.

गाईड ठरवताना परवाना आहे का ते विचारा आणि तो स्वतः वर चढणार की खालीच थांबणार, तेही विचारा. पायथ्याशी चढायला मदत करतो म्हणून हात धरणारे लोक भेटतात. मदत नको असेल तर तिथेच नम्रपणे नाही म्हणा, कारण वर पोचल्यावर ते पैसे मागतात.

बॅग पाठीवरची घ्या, दोन्ही हात कठड्याला मोकळे हवेत. माणशी एक लिटर पाणी, ओआरएसची पुडी, सुटे श्रीलंकन रुपये (चपला सांभाळणाऱ्याला द्यायला लागतात) आणि पासपोर्ट. सार्क देशांच्या (भारतासह दक्षिण आशियातल्या देशांच्या गटाच्या) नागरिकांना तिकिटात सवलत आहे. खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं ती ओढून नेतात. अत्तर लावू नका आणि वर आरडाओरडा करू नका. कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, त्यासाठी जागोजागी पाट्या लावल्या आहेत. कुणाला दंशाची ॲलर्जी असेल तर औषध गाडीत नको, खिशातच हवं. ऑक्टोबर ते जानेवारीत जाणार असाल तर छत्रीऐवजी रेनकोट घ्या. पौर्णिमेला सुट्टी असते आणि दांबुल्लाला भाविकांची गर्दी होते, म्हणून तारीख ठरवण्याआधी तिथी बघा.

थोडं वाचून जा. राजा कश्यपाने वडील धातुसेन यांना मारून राज्य घेतलं आणि इ.स. 477 ते 495 या काळात सिगिरियातून कारभार केला. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणीही पाचव्या शतकातलीच. अजिंठा पाहिलेल्या माणसाला सिगिरियाच्या कड्याच्या भिंतीवर रंगवलेल्या स्त्रिया बघताना आपसूक ओळख वाटते. तिथे फोटोला मनाई आहे, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून डोळे भरून बघा. पुढे आरशासारखी घोटलेली भिंत लागते. जुन्या काळी येऊन गेलेल्या लोकांनी तीवर सिंहली कविता कोरल्या आहेत, बऱ्याचशा त्या स्त्रियांनाच उद्देशून. पुरातत्त्वज्ञ परणवितान यांनी त्यांतल्या 685 वाचून 1956 साली प्रसिद्ध केल्या. दोन-चार ओळींचा अर्थ गाईडकडून नक्की ऐका. भिंतीला मात्र हात लावू नका.

दांबुल्लाला वेरूळसारखे कोरीव खांब शोधू नका. ती नैसर्गिक कपार आहे. तिला भिंती घालून पाच लेणी केली आहेत आणि आत छतापर्यंत रंगकाम आहे. वर चढण्याआधी तिकीटखिडकी कुठे आहे ते विचारा, नाहीतर पुन्हा खाली उतरावं लागेल. दुसऱ्या लेण्यात घाई करू नका, हे गाईडला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. तिथे छतातून पाणी ठिबकतं आणि खाली ठेवलेल्या भांड्यात साठतं. गर्दी ओसरली की तो थेंब पडल्याचा आवाज ऐकू येतो.