वाचनालयाचा जुना संगणक: परवाना बघावा की कामगिरी?

मालवण-गुहागरकडच्या एखाद्या वाचनालयाचा जुना संगणक पुन्हा चालता करायचाय? मग सॉफ्टवेअरच्या परवान्यावर वाद नंतर घाला, आधी वायफाय चालतं का ते बघा.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर डेबियनची (लिनक्सवर आधारलेली मोफत संगणक प्रणाली) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, प्रत उतरवा (त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जाईल). तिच्यावरून संगणक सुरू करा आणि हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. वायफाय दिसतच नसेल तर बहुधा फर्मवेअर (वायफायची चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) नाही. ते अनेकदा मुक्त परवान्याचं नसतं, म्हणून डेबियन ते पूर्वी वेगळं ठेवायचं. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. हाती जुनी प्रत असेल तर मोबाइल यूएसबीने जोडून नेट घ्या.

आता वीज. पावसाळ्यात ती कधी जाईल नेम नाही. ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल प्रणाली (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) जर्नल, म्हणजे बदलांची नोंद, ठेवते, त्यामुळे फाइल प्रणालीची रचना सहसा वाचते. अर्धवट लिहिलेली फाइल मात्र जाऊ शकते. झेडएफएस ही दुसरी फाइल प्रणाली डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का ते सांगणारा आकडा, तपासते, तांत्रिकदृष्ट्या ती सरसच. पण तिचा सीडीडीएल परवाना लिनक्सच्या जीपीएल परवान्याशी जुळत नाही असं मानलं जातं, म्हणून ती कर्नलबाहेर (लिनक्सच्या गाभ्याबाहेर) राहते. कर्नल बदलला की तिचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) पुन्हा बांधावं लागतं, आणि ते फसलं तर डेटा उघडतच नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मोफत संगणक प्रणालीत ती मुळातच असते, पण तिथे वायफायची रड जास्त.

एका संगणकासाठी ईएक्सटी४ घ्या, सोबत छोटा यूपीएस. आणि जीपीएलची धास्ती नको: नुसतं वापरण्यावर बंधन नाही, प्रत दुसऱ्याला दिलीत तरच सोर्स (मूळ कोड) देण्याची जबाबदारी येते.