एकूण ओळीत बेरीज नको, सरासरी हवी असेल तर

रिपोर्टमध्ये दर, टक्केवारी किंवा गुण यांचा कॉलम असेल तर त्याखाली बेरीज देऊच नका. त्या आकड्याला काही अर्थच नसतो.

एक्सेलमध्ये डेटा टेबल म्हणून फॉरमॅट केलेला असेल तर कंट्रोल + शिफ्ट + टी दाबा, टेबलच्या तळाशी ‘एकूण’ ओळ (टोटल रो) येईल. त्या ओळीतल्या सेलवर क्लिक करून बाणाच्या यादीतून ॲव्हरेज निवडा. एक्सेल तिथे सबटोटल हे सूत्र १०१ या क्रमांकासह (म्हणजे दिसणाऱ्या ओळींची सरासरी) घालतं, त्यामुळे फिल्टर लावला की फक्त दिसणाऱ्या ओळींची सरासरी मिळते. ही सोय फार मोलाची आहे.

खरी काळजी घ्यायची ती टक्केवारीत. एका शाखेने १० पैकी ९ ऑर्डर वेळेत दिल्या, म्हणजे ९० टक्के. दुसरीने ९० पैकी ४५, म्हणजे ५० टक्के. दोन्ही टक्क्यांची सरासरी ७० येते. प्रत्यक्षात मात्र १०० पैकी ५४च ऑर्डर वेळेत गेल्या. अशा ठिकाणी मूळ संख्यांची बेरीज करूनच भागाकार करा.

रिकामा सेल सरासरीत धरला जात नाही, शून्य मात्र धरलं जातं. माहितीच आली नसेल तिथे शून्य भरू नका. आणि ओळीचं नाव ‘एकूण’ऐवजी ‘सरासरी’ करायला विसरू नका.