मस्टँगचं एलएसडी खरंच झिजलंय का? उघडायच्या आधी असं तपासा

फोर्डची जुनी मस्टँग घेतली की हा प्रश्न हमखास येतो, पार्किंगमध्ये वळताना मागून कटकट होतेय, एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून दोन्ही मागच्या चाकांना जोर पोचवणारा भाग) गेलं का? बहुतेक वेळा गेलेलं नसतं. आवाज करणारं एलएसडी वेगळं आणि झिजलेलं वेगळं, पण आवाज आला की लोक थेट क्लच पॅक, म्हणजे त्याच्या आतल्या प्लेटांचा गठ्ठा, मागवतात आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण घरच्या घरी मोजून बघता येतं.

मी इथे २००५ ते २०१४ ची मस्टँग जीटी धरून सांगतोय, मागे सलग ॲक्सल आणि ८.८ इंची डिफरन्शियल असलेली. त्यात ट्रॅक्शन-लॉक असतं, म्हणजे बाईकच्या क्लचमध्ये असतात तशा प्लेटांचे दोन गठ्ठे, दोन्ही बाजूंना एकेक, आणि मधून त्यांना दाबून धरणारी एस आकाराची स्प्रिंग. प्लेटा घासल्या की पकड जाते, आणि ज्या चाकाला ग्रिप नाही ते नुसतंच फिरत राहतं. टॉर्सन (गिअरवर चालणारं) किंवा व्हिस्कस (घट्ट द्रवावर चालणारं) टाइपचं एलएसडी असेल तर खालचं माप लावू नका.

आधी एलएसडी आहे का ते बघा, कारण जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय बदललंय सांगता येत नाही. डिफरन्शियलच्या कव्हरच्या बोल्टला छोटा पत्र्याचा टॅग असतो, त्यावर गिअर रेशोच्या आकड्यांच्या मधे इंग्रजी एल असेल तर लिमिटेड स्लिप. मग दोन्ही मागचे टायर बघा. एक नवा एक जुना, किंवा साइज वेगळी असेल तर सरळ रस्त्यावरसुद्धा प्लेटा सतत घासत राहतात, मग नवा पॅक टाकूनही काही दिवसांनी तेच.

मोकळ्या, ओल्या जागेत ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून सरळ रेषेत जोरात ॲक्सिलरेट करून बघा. दोन्ही चाकं घसरली तर पकड आहे, दरवेळी एकच गरगरत असेल तर संशय पक्का. पण हा नुसता अंदाज, निर्णय मापावर घ्यायचा.

आता माप. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडथळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक उचला, खाली स्टँड लावा, दुसरं जमिनीवरच राहू द्या. उचललेलं चाक काढून व्हील स्टडवर असा अडॅप्टर बसवा की टॉर्क रेंच बरोबर ॲक्सलच्या मध्यावर येईल, नट पकडून फिरवलंत तर आकडा चुकीचा येतो. हळू जोर लावत जा आणि ॲक्सल फिरायला किती लागतं ते बघा. २० फूट-पाऊंड, म्हणजे साधारण २७ न्यूटन-मीटरच्या खाली फिरला तर प्लेटा गेल्या. वर असेल तर पॅकला हात लावू नका. आणि एक चाक हवेत असताना गिअर टाकून इंजिनवर फिरवायचा मोह अजिबात नको, एलएसडी चालू असेल तर जमिनीवरचं चाक गाडीला स्टँडवरून ढकलून देईल!

माप ठीक आहे पण कटकट आहे, तर ऑइल बदला. कव्हर काढल्यावर बारीक काळपट गाळ दिसला तर घाबरू नका, बोटाला टोचणारे धातूचे तुकडे दिसले तर मात्र आतले गिअर आणि बेअरिंग तपासावेच लागतील. नव्या ऑइलसोबत फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटा अडखळू नयेत म्हणून ऑइलमध्ये घालायचं मिश्रण) लागतो, या डिफरन्शियलला ४ औंस, पण काही ऑइलमध्ये तो आधीच मिसळलेला असतो म्हणून डबा नीट वाचा. जास्त घातला तर प्लेटा घसरतात आणि चांगलं एलएसडी झिजल्यासारखं वागतं. नंतर रिकाम्या जागेत हळूहळू आठच्या आकड्यात दोन्हीकडून फेऱ्या मारा म्हणजे ऑइल प्लेटांमध्ये शिरतं, बऱ्याचदा आवाज तिथेच थांबतो.

सरळ जातानाचं वेगाबरोबर वाढणारं गुणगुणणं किंवा गिअर टाकताना येणारा ठक्क आवाज याचा क्लच पॅकशी सहसा संबंध नसतो, तिथे बेअरिंग, क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) आणि प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट बघायचे.

आणि माप खरंच कमी आलं तर दोन्ही बाजूंच्या प्लेटा एकदमच बदला, एस स्प्रिंग चिरलीय का तेही बघून घ्या, आणि नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवायच्या आधी मॉडिफायरमध्ये भिजवा, कोरड्या घालू नका.