जुन्या गाडीचा रेडिएटर व्हिनेगरने धुताय? या चुका टाळा

आमच्याकडे 1985 ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी तिला जन्मभर बोअरचंच पाणी पाजलं. घाटात काटा लाल पट्ट्याकडे सरकला की गाडी कडेला, बॉनेट वर आणि डिकीतला कॅन बाहेर. गाडी माझ्याकडे आल्यावर रेडिएटरच्या तोंडात बोट घातलं, तर नखाखाली पांढरट-तपकिरी भुगा आला. म्हटलं, व्हिनेगरने धुऊन टाकू. धुतला, आणि पहिल्याच खेपेला चांगला रेडिएटर गळका करून ठेवला.

झालं असं, की शनिवारी व्हिनेगर भरलं, संध्याकाळी पाहुणे आले आणि गाडी मंगळवारपर्यंत तशीच उभी. पद्मिनीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, सांधे शिसं-कथलाच्या डागाचे. क्षार खाऊन झाले की उरलेलं ॲसिड धातूकडे वळतं, आणि शिसं त्याला सहज बळी पडतं. जितकं मुरेल तितकं चांगलं, हा हिशेब लोणच्याचा. व्हिनेगर ज्या दिवशी भराल त्याच दिवशी काढा. नव्या गाड्यांचे ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचे रेडिएटर असतील तर मी व्हिनेगरच्या वाटेला जाणार नाही. दुकानात रेडिएटर धुण्याचं तयार द्रावण (फ्लश) मिळतं, ते वापरा.

पण त्याही आधी आत साचलंय काय, ते बघा. इंजिन थंड असताना कॅप काढा, चिमूटभर भुगा खरवडून बशीत घ्या आणि त्यावर चार थेंब व्हिनेगर टाका. फसफसलं तर तो चुना. पाण्यातल्या क्षारांचा थर. त्यावर व्हिनेगर उत्तम चालतं. काहीच झालं नाही तर बहुधा गंज, आणि तो इतक्या थोड्या वेळात फारसा सुटत नाही. कॅपच्या आत चहात बिस्किट विरघळल्यासारखा दुधाळ चिकटा दिसला तर मात्र व्हिनेगरची बाटली परत स्वयंपाकघरात ठेवा. पाण्यात तेल मिसळतंय, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी) तपासायला हवं. व्हिनेगरने तेल हलत नाही.

व्हिनेगर किराणा दुकानातलं साधं पांढरं घ्या, साधारण 4 टक्क्यांचं. केमिकलच्या दुकानातलं दाट ॲसिटिक ॲसिड 'जास्त जोरात काम करेल' म्हणून आणू नका. ते कातडी भाजतं, डोळ्यांत गेलं तर त्याहून वाईट. मी आता एक भाग व्हिनेगरला दोन भाग पाणी घेतो.

पाच मिनिटं इंजिन चालवून 'काही निघालंच नाही' म्हणणारे बरेच भेटतात. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, बंद असतो तोवर पाणी इंजिनातच घुटमळतं, रेडिएटरकडे जवळपास फिरकत नाही. तो साधारण 80 अंशांच्या पुढे उघडतो. वरचा होज पाइप हाताला चांगला गरम लागेपर्यंत थांबा, त्यानंतर अर्धा तास मोजा. काट्यावर नजर असू द्या. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर त्याच्या नळ्या तशाच राहतात.

याच वेळी इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवा. मधेच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. जिथे पाणीच पोचत नाही तिथे व्हिनेगर कुठून पोचणार? असा रेडिएटर दुकानात नेऊन रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्यावी.

गरम असताना कॅप उघडू नका, वाफेने तोंड भाजेल. आणि घाईघाईने थंड पाणीही ओतू नका. पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं. अचानक थंड केलं की हेड वाकतं किंवा तडकतं. दोन तास दुसरं काहीतरी करा.

रेडिएटरचा खालचा नळ उघडला म्हणजे सगळं पाणी निघालं, असं नाही. ब्लॉकला वेगळा ड्रेन असतो. मी आमचा उघडला तेव्हा थेंबही आला नाही. तारेने टोचत राहिलो. आधी नुसती गळती, मग एकदम बचकभर लाल चिखल पायावर. एवढी वर्षं हा गाळ तळाशी बसून होता.

आता खंगाळणं. लोक इथेच कंटाळतात. साधं पाणी भरायचं, गरम होईपर्यंत चालवायचं, निवू द्यायचं, काढायचं. असं तीन-चार वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि आंबट वास जाईपर्यंत. ॲसिड मारायला कुणी व्हिनेगर आत असतानाच खायचा सोडा टाकतं. फेस उसळून कॅपमधून थेट डिस्ट्रिब्युटरवर (स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या डबीवर) येतो आणि मग गाडी सुरू होत नाही. टाकायचाच तर खंगाळून झाल्यावर, चमचाभर, आणि नंतर पुन्हा साधं पाणी.

भरताना बोअरचं पाणी पुन्हा नको, नाहीतर दोन वर्षांनी हाच उद्योग. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल वॉटर आणा. कूलंटच्या डब्यावर 'रेडी टू यूज' असेल तर पाणी मिसळायचं नाही; दाट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात मिसळायचं. कूलंट गोडसर आणि विषारी असतं, निघालेलं परातीत उघडं ठेवलं तर कुत्री-मांजरं चाटतात.

पुढचा आठवडाभर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. काही भोकं चुन्यानेच बुजलेली असतात. चुना गेला की ती उघडी पडतात. माझ्या पुठ्ठ्यावर तिसऱ्या सकाळी रुपयाएवढा हिरवा डाग होता, बरोबर वॉटर पंपाच्या खाली.