‘डिस्क २ घाला’ म्हणून अडून बसलेला इन्स्टॉलर: लिनक्सवर जुने गेम बसवणाऱ्या नवख्यांसाठी

जुना विंडोज गेम वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर बसवायला घेतला की नवख्याची गाडी गेमपाशी क्वचित अडते, डिस्कपाशी हमखास अडते. पहिली डिस्क निमूट चालते, पट्टी निम्म्यावर येते आणि इन्स्टॉलर म्हणतो, ‘डिस्क २ घाला’. ड्राइव्हचं बटण दाबावं तर ट्रे उघडत नाही. कसाबसा उघडून दुसरी डिस्क घातली, ओके दाबलं, तरी पुन्हा तेच वाक्य. मग माणूस वाइनची आवृत्ती बदलतो, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलतो, काही जण तर अख्खं डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा प्रकार) बदलून मोकळे होतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी अशा बऱ्याच डिस्कांशी झटापट केली आहे, आणि आता कुणी विचारलं की आधी एवढंच सांगतो: इन्स्टॉलरचं बोलणं मनावर घेऊ नका, खालून वर तपासत या. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क दिसते का? ती कुठल्या फोल्डरवर माउंट झाली आहे, म्हणजे तिच्या फाइल्स कुठल्या फोल्डरात दिसतात? वाइनचं डी ड्राइव्ह त्याच फोल्डरकडे बोट दाखवतं का? आणि शेवटी, इन्स्टॉलरला नेमकं काय हवं आहे? ओरड नेहमी सगळ्यात वरून ऐकू येते, बिघाड बहुधा मधल्या दोन पायऱ्यांत असतो. (पुढे कमांड आणि पाथ देवनागरीत लिहिले आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचे.)

पहिली पायरी पटकन उरकते. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ चालवा, ही कमांड ड्राइव्हची यादी देते. यादीत एसआर० दिसला म्हणजे ड्राइव्ह ओळखला गेला, आणि त्याच ओळीत शेवटी माउंटचा पाथही दिसतो. ‘राइट-प्रोटेक्टेड, रीड-ओन्ली माउंट केलं’ अशी सूचना आली तर घाबरू नका. सीडीवर कोण लिहिणार आहे?

नेमकं घोडं पेंड खातं ते पुढे. आजचे डेस्कटॉप डिस्क आपोआप माउंट करतात आणि फोल्डरला नाव देतात डिस्कच्या लेबलचं. उबुंटूवर ते /मीडिया/ आणि पुढे तुमचं युजरनेम या फोल्डरात तयार होतं, फेडोरावर /रन/मीडिया/ खाली. आता समजा पहिल्या डिस्कचं लेबल ‘गेम_सीडी१’ आहे आणि दुसरीचं ‘गेम_सीडी२’. तुम्ही डिस्क बदललीत की पाथच बदलला. इन्स्टॉलर मात्र डी: धरून बसलेला. वाइन कधी हा बदल स्वतः टिपतं, कधी नवी डिस्क दुसऱ्याच अक्षराखाली दाखवतं, आणि डी: तुम्ही हाताने नेमलेलं असेल तर ते जुन्या, आता अस्तित्वातच नसलेल्या फोल्डरकडे बघत राहतं. डिस्क ड्राइव्हमध्ये, फाइल मॅनेजरमध्ये सगळं दिसतंय, आणि इन्स्टॉलर म्हणतोय डिस्क नाही. त्याच्या जागी तोही बरोबरच आहे.

म्हणून मी एकापेक्षा जास्त डिस्कांचा गेम असला की ऑटोमाउंटच्या नादी लागत नाही. इन्स्टॉलपुरतं ते डेस्कटॉपच्या सेटिंगमधून बंद करतो आणि एकच कायमचा फोल्डर ठेवतो, /एमएनटी/सीडीरॉम. नसेल तर ‘सुडो एमकेडीआयआर’ने तयार करायचा, मग ‘सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/एसआर० /एमएनटी/सीडीरॉम’. यानंतर ‘वाइनसीएफजी’ उघडायचं, ड्राइव्ह्ज या टॅबमध्ये डी: ला हा पाथ द्यायचा आणि अॅडव्हान्स्ड पर्याय उघडून प्रकार ‘सीडी-रॉम’ निवडायचा. ही शेवटची टिचकी विसरू नका. कित्येक इन्स्टॉलर फक्त सीडी प्रकारच्या ड्राइव्हमध्येच डिस्क शोधतात, साध्या हार्ड डिस्ककडे ढुंकूनही पाहत नाहीत.

वाइनच्या पोटात काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर होम फोल्डरमधल्या लपलेल्या .वाइन फोल्डरात ‘डॉसडिव्हायसेस’ नावाचा फोल्डर आहे, तो टर्मिनलमधून ‘एलएस -एल’ने पाहा. तिथे ड्राइव्हची अक्षरं म्हणजे साध्या सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारे दुवे) आहेत. ‘डी:’ ही लिंक माउंट केलेल्या फोल्डरकडे जाते. तिच्या शेजारी ‘डी::’ अशी दोन कोलनवाली लिंक असेल तर ती थेट /डेव्ह/एसआर० या डिव्हाइसकडे जाते. फाइल्स वाचायला पहिली पुरते, पण डिस्कचं लेबल तपासणारा इन्स्टॉलर असेल तर दुसरी लागते, आणि ते डिव्हाइस वाचायची परवानगी तुमच्या युजरला हवी. डेबियन-उबुंटूवर त्यासाठी ‘सीडीरॉम’ ग्रुपमध्ये असावं लागतं, आर्चवर त्या ग्रुपचं नाव ‘ऑप्टिकल’ आहे. या दोन लिंक नीट बसल्या की बहुतांश तक्रारी तिथेच मिटतात.

आता न उघडणारा ट्रे. डिस्क माउंट असेपर्यंत कर्नल ट्रेला कुलूप लावून ठेवतो, त्यामुळे बटण दाबून उपयोग नाही. अनमाउंट करायला जावं तर ‘टार्गेट इज बिझी’. याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ‘सीडी’ या फोल्डर बदलायच्या कमांडने डिस्कच्या फोल्डरात शिरून तिथूनच सेटअप चालवणं. मग टर्मिनल आणि इन्स्टॉलर दोघांचीही वर्किंग डिरेक्टरी डिस्कवरच राहते, आणि ते तिथे असेपर्यंत डिस्क सुटत नाही. होम फोल्डरात उभं राहून ‘वाइन स्टार्ट’ला अवतरणचिन्हांत डी: ड्राइव्हवरच्या सेटअपचा पाथ द्या, निम्मा त्रास तिथेच वाचतो. इन्स्टॉलरने दुसरी डिस्क मागितली की दुसऱ्या टर्मिनलमधून ‘वाइन इजेक्ट’ चालवा, किंवा ‘सुडो यूमाउंट’ करून ‘इजेक्ट’. (यूमाउंटमध्ये यू नंतर एन नाही. ‘कमांड नॉट फाउंड’ दिसलं तर आधी स्पेलिंग बघा.) तरीही बिझी म्हणालं तर ‘फ्यूझर -व्हीएम’ला माउंटचा पाथ द्या, कोण अडून बसलंय ते नावानिशी कळतं. बऱ्याचदा ती मागे उघडी राहिलेली फाइल मॅनेजरची खिडकी असते. ‘यूमाउंट -एल’ हा लेझी अनमाउंटचा (वापर चालू असतानाही फोल्डर सोडवण्याचा) मार्ग अगदी शेवटचा. डिस्क बदलून पुन्हा माउंट केल्याशिवाय ओके दाबू नका.

कधी डिस्क माउंट होते पण आत फाइल्सच कमी दिसतात, सेटअप गायब. सीडीचं आयएसओ ९६६० हे प्रमाण १९८८ सालचं, नावांच्या बाबतीत फार कंजूष. लांब नावांसाठी त्यावर विंडोजवाल्यांनी जोलिएट चढवलं, युनिक्सवाल्यांनी रॉक रिज. एकाच डिस्कवर दोन्ही असतील तर लिनक्स रॉक रिज पसंत करतो, आणि विंडोज व मॅक दोघांसाठी काढलेल्या डिस्कांवर काही फाइल्स लपवलेल्याही असतात. माउंट करताना -ओ नंतर ‘अनहाइड’ आणि गरज पडली तर ‘नोरॉक’ जोडून बघा. हरवलेला सेटअप असा सापडला की भलताच आनंद होतो.

मूळ लिनक्ससाठी निघालेला गेम असेल आणि सेटअप स्क्रिप्ट ‘परमिशन डिनाइड’ म्हणत असेल तर एफएसटॅबची (काय कुठे माउंट करायचं ते लिहिलेल्या फाइलची) ओळ बघा. तिथे ‘युजर’ हा पर्याय लिहिला की ‘नोएक्झेक’ (तिथून प्रोग्रॅम चालवायला बंदी) त्याच्यासोबत आपोआप येतो. पुढे ‘एक्झेक’ जोडा, नाहीतर स्क्रिप्ट ‘एसएच’ने चालवा.

डिस्कऐवजी इमेज (डिस्कची फाइलरूपी नक्कल) असेल तर आयएसओ ‘-ओ लूप’ने सरळ माउंट होते. बिन-क्यू किंवा एमडीएफ प्रकारची इमेज मात्र ‘राँग एफएस टाइप’ म्हणून परत येते, त्यासाठी सीडीइम्यू बसवा. तो आभासी ड्राइव्ह तयार करतो. बिन-क्यूमधून आयएसओ काढता येते हे खरं, पण १९९६च्या क्वेकसारख्या गेममध्ये संगीत हे वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असायचं, आणि आयएसओत फक्त डेटा ट्रॅक येतो. गेम चालतो, मुका चालतो.

वाचताना डिस्क घरघरत थांबत असेल तर ‘डीमेसेज’ (कर्नलच्या सूचना दाखवणारी कमांड) पाहा. ‘आय/ओ एरर, एसआर०’ अशा ओळी म्हणजे ओरखडे किंवा धूळ. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. मग ‘डीडीरेस्क्यू’ या खराब डिस्कवरून डेटा वाचवणाऱ्या साधनाला सेक्टरचा आकार २०४८ देऊन इमेज काढा आणि तिच्यावरून इन्स्टॉल करा. पण लख्ख डिस्कवरही एका ठरावीक पट्ट्यातच सलग एरर येत असतील तर तो सेफडिस्कसारख्या कॉपी प्रोटेक्शनचा भाग असू शकतो. असे सेक्टर मुद्दाम खराब ठेवलेले असतात, ते पुसून जाणार नाहीत. विंडोज १० पासून खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सेफडिस्कचा आधार काढून घेतला. वाइनमध्ये काही गेम तरतात, बरेच अडतात. तिथे रात्री घालवण्यापेक्षा त्याच गेमची प्रोटेक्शन काढून अधिकृतपणे पुन्हा विकली जाणारी आवृत्ती मिळते का ते पाहणं मला शहाणपणाचं वाटतं.

सगळं बरोबर असूनही लुट्रिस किंवा बॉटल्स या वाइन सांभाळणाऱ्या अॅपना डिस्क दिसतच नसेल, तर ते फ्लॅटपॅक (अॅप बांधून देण्याची एक पद्धत) म्हणून बसवलंय का बघा. फ्लॅटपॅक सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळ्या कप्प्यात, चालतं, /एमएनटी आणि /रन/मीडिया त्याच्या नजरेआड असू शकतात. फ्लॅटसील (फ्लॅटपॅकच्या परवानग्या बदलणारं अॅप) उघडून तो पाथ परवानगीच्या यादीत घाला आणि अॅप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. आणि गेम बसल्यावर सुरू होताना डिस्क मागत असेल, तर पहिली डिस्क त्याच /एमएनटी/सीडीरॉमवर माउंट करून मगच आयकॉनवर क्लिक करा.