आधी आठ वचनं, मग ग्रुप

आमच्या मंडळीतल्या महिला मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सांभाळते. माझी सकाळची प्रार्थना मोडली ती कुठल्या वाईट सवयीने नव्हे, याच ग्रुपने. एकदा मोबाइलवरच्या बायबलमध्ये स्तोत्र ११९ वाचत होते. ३७ वं वचन आलं. निरर्थक गोष्टींकडे पाहण्यापासून माझी नजर वळव, अशी ती विनवणी आहे. नेमका त्याच ओळीवर मेसेज येऊन बसला: ‘रविवारी खुर्च्या कोण लावणार?’ मी उत्तर दिलं. त्यावर दोन अंगठे आले, मग कुणीतरी पडदे धुवायचा विषय काढला. स्तोत्राकडे परतले तोवर चाळीस मिनिटं गेली होती. घाईघाईत ‘आमेन’ म्हटलं आणि उठले.

मार्था आणि मरीया या बहिणींच्या घरी येशू येतो, मार्था कामात बुडते आणि मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते. ही गोष्ट (लूक १०) ऐकताना मला नेहमी मार्थेची बाजू घ्यावीशी वाटायची. राबतेय बिचारी! पण प्रभू तिला राबण्याबद्दल बोलत नाही, काळजी आणि दगदगीबद्दल बोलतो. तो घरी आलेला असताना ती त्याच्याशी बोलते काय, तर बहिणीची तक्रार. माझ्या प्रार्थनाही तेव्हा बऱ्याचशा तशाच होत्या.

मग मी काही गोष्टी बदलल्या. त्यातलं महत्त्वाचं काम रात्रीच करायचं असतं. ‘गजरासाठी मोबाइल लागतो’ ही माझी आवडती सबब होती, म्हणून साधं गजराचं घड्याळ आणलं. मोबाइल आता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो. छापील बायबल उद्याच्या भागावर उघडून, त्यात पेन्सिल ठेवून, ठरलेल्या खुर्चीवर ठेवते. सकाळी अर्धवट झोपेत मला निर्णय घेता येत नाहीत. खुर्चीवर बसायचं तर बायबल उचलावंच लागतं. दार लावून प्रार्थना कर असं मत्तय ६:६ मध्ये आहे. वेगळी खोली नसेल तर भिंतीकडे तोंड केलेली खुर्चीही चालेल. जागा आणि वेळ मात्र रोज बदलू नका. प्रार्थनेवर बंदी आली तेव्हा बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याने काही नवं सुरू केलं नाही. पूर्वी करत असे तसंच, दिवसातून तीनदा, त्याने गुडघे टेकले (दानीएल ६:१०). सवय संकटाच्या आधीची होती.

वाचायचं थोडं. वर्षात सगळं बायबल संपवण्याचा तक्ता मी दोनदा फ्रिजवर चिकटवला आणि दोन्ही वेळा लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकात अडकले. सुरुवातीला स्तोत्र ११९ घ्या. १७६ वचनं, आठ-आठ वचनांचे २२ भाग, मूळ हिब्रूत प्रत्येक भाग वर्णमालेतल्या एकेका अक्षराचा. रोज एक भाग, म्हणजे बावीस दिवस. एकदा मनात वाचा, एकदा मोठ्याने, आणि जे वचन अडेल त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. पाचव्या दिवशी ते ३७ वं वचन येईलच!

आता खरी अडचण. मोबाइल दुसऱ्या खोलीत गेला तरी डोकं आपल्याबरोबरच असतं. डोळे मिटले की बिलं आठवतात. मी आधी त्या विचारांशी भांडायचे, त्यातच वेळ जायचा. आता शेजारी पाठकोरा कागद ठेवते आणि आठवलं ते एका शब्दात लिहून मोकळी होते. एका सकाळी कागदावर होतं: ‘बिल, इस्त्री, आईचा रिपोर्ट, खुर्च्या.’ तिसऱ्या शब्दापाशी पेन्सिल थांबली. आईचा रिपोर्ट दुपारी येणार होता, मी रात्रभर त्याच भीतीत होते, आणि प्रभूशी मात्र भलत्याच गोड गोड शब्दांत बोलत होते. त्या दिवशी प्रार्थना झाली ती तेवढ्याच दोन शब्दांची. तेव्हापासून शेवटी कागद वाचते. जे फक्त काम आहे ते कामांच्या यादीत जातं, आणि ज्याने पोटात गोळा येतो ते प्रभूपुढे ठेवते. फिलिप्पैकरांस पत्र ४:६ मध्ये तेच करायला सांगितलं आहे.

मुलं मध्येच उठली तर? उठू द्या, रागावू नका. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे अंधारातच एकांतात जातो, तेही आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलेलं असताना. त्याचा शिष्य शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात: सगळे तुला शोधत आहेत. तो चिडत नाही, पण म्हणतात म्हणून परतही जात नाही; आपण दुसऱ्या गावांत जाऊ म्हणतो. पहाटेच्या प्रार्थनेनंतर कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही, हे त्याला स्पष्ट होतं. ग्रुपवर ‘या वेळी मला जमणार नाही’ असं लिहायला मी तिथूनच शिकले. (एक-दोघी रुसल्या. चालायचंच.)

दिवसभरासाठी नहेम्याची, म्हणजे बायबलमधल्या राजाच्या प्यालेबरदाराची, पद्धत धरा. राजाने प्रश्न विचारला आणि उत्तर देण्याआधी त्याने तिथल्या तिथे प्रार्थना केली (नहेम्या २:४). फोन उचलण्याआधी, लिफ्टमध्ये, एक वाक्य पुरतं.

दिवस चुकणारच. चुकला तर दुसऱ्या दिवशी सोळा वचनं वाचून भरपाई करू नका, तो कर्जाचा हप्ता नाही. जिथे पेन्सिल आहे तिथून पुढे जा. माझे बावीस भाग संपायला एकतीस दिवस लागले. आता खुर्चीवर मार्क उघडा असतो, आणि रविवारच्या खुर्च्यांचं मी ग्रुप उघडायच्या आत कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं.