पीसी टीव्हीला जोडला, पण सिनेमा मनासारखा दिसत नाही? या चुका टाळा

घरातला पीसी किंवा जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला, पडद्यावर डेस्कटॉप उमटला, की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. मग सिनेमा लावल्यावर चित्र धूसर वाटतं, कॅमेरा फिरला की बारीक हिसके बसतात, संवाद ऐकू येत नाहीत. अशा वेळी आधी महागडी केबल येते, मग नवं ग्राफिक्स कार्ड. माझ्या मते यातला बराचसा खर्च टाळता येतो. फाइलमधलं चित्र टीव्हीच्या काचेपर्यंत पोचताना प्लेअर (सिनेमा चालवणारा प्रोग्राम), विंडोज, ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) आणि खुद्द टीव्ही असे चौघं त्यात आपापले बदल करत असतात. ही ढवळाढवळ थांबवली की पैसा न घालता पुष्कळ सुधारणा होते.

डुप्लिकेट मोडमध्ये सिनेमा बघू नका

ही चूक घरोघरी दिसते. लॅपटॉप टीव्हीला जोडला की विंडोज बऱ्याचदा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवतं. लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ चा असेल तर टीव्हीकडेही अनेकदा तेवढंच चित्र जातं आणि टीव्ही ते ताणून १९२० × १०८० वर बसवतो. फाइल फुल एचडी, टीव्ही फुल एचडी, आणि मधल्या मध्ये चित्राचा बारकावा गेला. विंडोजचं बटण दाबून धरा, पी दाबा आणि ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचं खरं रिझोल्युशन द्या. ४के टीव्हीला ३८४० × २१६०. लांबून अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून रिझोल्युशन कमी करू नका. त्यासाठी तिथेच ‘स्केल’ आहे, ते २०० किंवा ३०० टक्क्यांवर न्या.

टास्कबार कडेला कापला जातोय? टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा बाहेर ढकलतोय. ड्रायव्हरमधल्या पट्टीने चित्र आक्रसून घेऊ नका, कारण मग ते एकदा लहान होतं आणि पुन्हा मोठं होतं. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये जा. एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’, सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ अशी नावं सापडतील.

हिसके बसतात ते प्रोसेसरमुळेच, असं धरून चालू नका

बहुतेक सिनेमे सेकंदाला २४ फ्रेमचे असतात आणि पीसी टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवत असतो. चोविसाने साठाला पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे एक फ्रेम तीनदा दिसते, पुढची दोनदा, परत तीनदा. माणसं बोलत बसली असतील तर काही जाणवत नाही. पण कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश फिरू लागला की डोळ्याला टोचतं. विंडोजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र पाठवायचं तो आकडा) २४ किंवा २३.९७६ हर्ट्झ करून तेच दृश्य पुन्हा बघा. दर वेळी हाताने बदलायचा कंटाळा असेल तर कोडी हा प्लेअर वापरा. त्याच्या सेटिंगमध्ये प्लेअर, मग व्हिडिओज, तिथे ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ सुरू केलं की फाइल बघून तो स्वतःच बदल करतो. या एका सेटिंगसाठी कोडी टाकून घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

तरीही अडखळत असेल तर टास्क मॅनेजर उघडा. जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) पानावर ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख सपाट आणि सीपीयू मात्र शंभर टक्क्यांच्या आसपास, असं दिसलं तर फाइल उलगडण्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडलाय. प्लेअरमधलं हार्डवेअर डीकोडिंग सुरू करा, म्हणजे ते काम ग्राफिक्स चिप करेल. त्यालाही मर्यादा आहे: १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) फाइल इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला नीट जमते, एव्ही१ ही दुसरी पद्धत अकराव्या पिढीपासून.

डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्याच पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नको. ४के टीव्हीवर माउस रखडत चालतोय असं वाटलं तर रिफ्रेश रेट बघा. एचडीएमआयच्या १.४ या जुन्या आवृत्तीवर ४के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच जातं, ६० साठी दोन्ही टोकांना २.० लागतं. टीव्हीतही त्या पोर्टपुरती परवानगी द्यावी लागते; सॅमसंगमध्ये तिला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात. केबल महाग घेतली म्हणून चित्र जास्त रेखीव होत नाही. केबल कमी पडली तर ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच काळा होतो, आणि तसं होत असेल तरच ती बदला.

रात्रीची दृश्यं राखाडी दिसतात

व्हिडिओतला काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरलेला असतो, पीसीचा ० आणि २५५ वर. पीसी एका मापाने पाठवतोय आणि टीव्ही दुसऱ्या मापाने वाचतोय, असं झालं की काळा रंग धुरकट होतो किंवा अंधारातले चेहरे गडप होतात. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टशी झटापट करू नका. ड्रायव्हरमध्ये ‘लिमिटेड’ (१६ ते २३५) किंवा ‘फुल’ (० ते २५५) आणि टीव्हीत ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ असतं, ती जोडी जुळवा.

गाणी दणदणीत, संवाद पुटपुटल्यासारखे

५.१ आवाजात (पाच स्पीकर आणि एक सबवूफर धरून केलेल्या) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात आणि टीव्हीला तो स्पीकर नसतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये टीव्ही निवडून तो ‘स्टिरिओ’ ठेवा, प्लेअरमधलं पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) बंद करा. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’मध्ये कॉम्प्रेसर आहे, तो मोठे आवाज दाबतो. मग एकूण आवाज वाढवता येतो. घरात आजी-आजोबा असतील तर हे आधी करा, बाकीचं मागून.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर व्हीएलसीत फॉन्ट ‘निर्मला यूआय’ किंवा ‘मंगल’ आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ ठेवा. प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल एएनएसआय या मराठी अक्षरं न सांभाळणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर त्यातली अक्षरं गेलेली असतात, मूळ फाइल पुन्हा मिळवावी लागते.

वायरिंगकडे काणाडोळा करू नका

पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजा. अशा स्थितीत चालू टीव्हीत एचडीएमआय खुपसणं म्हणजे पोर्ट जाळायला निमंत्रण. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन कापू नका, सॉकेट वायरमनकडून तपासून घ्या आणि पीसी, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स एकाच बोर्डावर लावा. वळवाच्या दिवसांत विजा कडाडायच्या आधीच प्लग काढा आणि सेट-टॉप बॉक्सची बाहेरून आलेली वायरही सोडवून ठेवा, कारण गच्चीवरून आलेला झटका त्या वायरीने टीव्हीत आणि तिथून एचडीएमआयने पीसीपर्यंत पोचू शकतो.